बोटं टेकतील एवढी जमीन

मार्गळी लागली की माझ्या डाव्या पायाची बोटं पांघरुणाच्या आत आपोआप आखडतात. पहाटे देवळाच्या भोंग्यावर गाणी सुरू होतात, खिडकीच्या जाळीतून धुकं आत येतं, समोर राजम मामी दारात सडा टाकतात त्याचे फटकारे ऐकू येतात, आणि मी अर्धवट झोपेत असतानाच माझा पाय जमीन शोधायला लागतो. जमीन किती खाली आहे, ओली आहे की कोरडी, सपाट आहे की उतरती. गादीवर पडलेल्या बाईला या चौकशा काय म्हणून हव्यात? पण पायाला कोण समजावणार! एका मार्गळीत त्याने जे शिकून घेतलं, ते तो सोडायला तयार नाही.

तिकडच्या, महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, मार्गळी म्हणजे आपला धनुर्मास. आम्ही तंजावरचे मराठी. घरात धनुर्मास म्हणतो, उंबरा ओलांडला की मार्गळी. देवनागरी मी मोठेपणी शिकले, तेव्हा लिहिण्यात काही वेडंवाकडं आलं तर पोटात घाला. या महिन्यात गल्लीभर रांगोळ्या असतात, ज्यांना आम्हीही आता कोलमच म्हणतो. शेणाच्या छोट्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून ते कोलमच्या मधोमध ठेवतात. घरोघरी गरम पोंगल, म्हणजे मिरी-तूप घातलेली मुगाची खिचडी. पण लग्न नाही, वास्तुशांत नाही, खरेदी नाही. नवी काय, जुनी गाडीसुद्धा या महिन्यात कोणी विकत घेऊन दारात आणत नाही. त्या वर्षी या एका रिवाजाने मला महिनाभराची उसंत दिली.

तेव्हा आमच्या दारात एक मोटरसायकल उभी होती. स्पोर्ट्स बाईक. काळी, उंच, नाक खाली आणि शेपूट वर. तिची सीट माझ्या कमरेच्याही वर यायची. गाडी आमच्या ह्यांची, श्रीधरची. हे ताडमाड. मी समोर उभी राहिले की ह्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन माझ्या डोळ्यांसमोर येतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांच्या आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "जोडी बरी दिसते. फोटोला पोरीच्या पायाखाली एक पाट ठेवा, म्हणजे झालं." आणि पाट खरोखर ठेवला हो! शालूखाली झाकलेला तो पाट फोटोत दिसत नाही, पण मला दिसतो.

ती गाडी हे उभ्या उभ्या पायांत घेऊन बसायचे. टांग टाकायची, दोन्ही तळवे जमिनीवर, झालं. मी शाळेत गणित शिकवते, तरी हे गणित माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की उंच माणसाला गाडीवर बसून थांबणं हे काही कामच नसतं. चालवणं त्याला शिकावं लागतं. थांबणं त्याला आपोआप येतं.

त्या मार्गळीच्या आदल्या थै महिन्यात, पोंगलचा सण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेल्यावर, हे ओरत्तनाडूच्या ऑफिसातून घरी येत होते. आमच्याकडे सांबा भाताची, म्हणजे हिवाळी पिकाची, कापणी झाली की अर्धा रस्ता खळं होतो. डांबरावर ऊन चांगलं लागतं, म्हणून लोक भात तिथेच पसरून वाळवतात. कडेला दगड, नारळाच्या झावळ्या ठेवतात, बाकीचा अर्धा रस्ता गाड्यांना. समोरून बस आली, हे बाजूला झाले, ब्रेक मारला, आणि चाकाखालचे दाणे फिरले. उजवा गुडघा. ऑपरेशन झालं, पट्टा निघाला, व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, "गुडघा छान जमलाय. चाला, जिने चढा, गाडी चालवा." हे चालले, जिनेही चढले. ऑफिसला मात्र बसने जायला लागले.

"पाय धरत नाही," एवढंच म्हणायचे.

आणि आवाज गेला. म्हणजे बोलत होते, पण त्यात आवाज नव्हता. आमचे हे म्हणजे क्रिकेटवर ओरडणारे, सांबारातल्या मिठावर ओरडणारे, टॉवेल जागेवर नसला तर सगळ्या गल्लीला कळवणारे. ते एकदम "असू दे", "चालेल", "तुला बरं वाटेल तसं" असं बोलायला लागले. सांबारात मीठ घालायला मी एकदा मुद्दाम विसरले. मुकाट जेवले हो! नवरा ओरडत नाही म्हणून न्हाणीघरात जाऊन रडणारी बाई तंजावरात मी एकटीच असेन.

इकडचा कार्तिक संपता संपता कुंभकोणमचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. हात फिरवला, चालू करून पाहिली, आवडली. हे म्हणाले, "घेऊन जा." गृहस्थ म्हणाले, "मार्गळी लागतेय सर. पोंगल होऊ द्या, लगेच येऊन नेतो." ते गेले आणि हे आत जाऊन पेपर वाचत बसले. पान उलटत नव्हतं.

गाडी जाते म्हणून मला काय दुःख? माझी स्कूटर आहे, माझं भागतं. कंटाळा आला म्हणून किंवा वय झालं म्हणून त्यांनी ती विकली असती, तर मी तिला ओवाळून पाठवली असती. पण ती भीतीने जात होती. आज गाडी, उद्या ऑफिसचा जिना, परवा बाजार. भीतीला एकदा घरातली एक वस्तू दिली की ती दुसरी मागायला येते, आणि ती शेवटी माझ्यासमोर बसलेला माणूसच घेऊन जाईल असं मला वाटायला लागलं होतं. पोंगलच्या आत ह्यांनी पुन्हा त्या गाडीवर बसायला हवं होतं. पुढे नाही तर नाही, मागे. पण मागे बसवून नेणार कोण?

"मी शिकते," मी म्हटलं. गियरची गाडी मला नवी नव्हती. कॉलेजात असताना बाबांच्या जुन्या मोटरसायकलवर लायसन्स काढलेलं होतं. पण ती गाडी बुटकी होती, माझ्यासारखी.

ह्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "तुझे पाय पोचत नाहीत."

"तुमचे पोचत होते, म्हणून काय झालं?"

तोंडातून गेलं ते गेलं. पूर्वीचे हे असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. "असू दे," हे म्हणाले, आणि किल्ली देवघराच्या फळीवर होती ती माझ्यापुढे ठेवून बाहेर गेले.

आता, इतक्या मार्गळ्यांनंतर, मला वाटतं की बुटक्या माणसाची जमिनीशी फार जवळची ओळख असते. त्याला दूर असतात त्या वरच्या गोष्टी. फळीवरचे डबे, बसमधली दांडी, फळ्याचा वरचा अर्धा भाग, ज्यावर मी इतक्या वर्षांत एक आकडाही लिहिलेला नाही. वर हात पोचत नाही याची लाज कधीच मेली आहे माझी. पण जमीन? जमीन तर माझी होती! त्या गाडीवर पहिल्यांदा बसले आणि जमीनच दूर गेली. दोन्ही पाय लोंबकळत, खाली अंगठासुद्धा टेकेना. असंच ह्यांना वर्षभर रोज वाटत असेल असं मनात आलं आणि मी घाईघाईने उतरले.

पहिल्याच दिवशी पडले. शाळेतली खेळाची टीचर, कस्तुरी, मला शिकवणार होती. कस्तुरी माझ्याहून बुटकी, गळ्यात शिट्टी, आणि तरुणपणी भावाची उंच मोटरसायकल तिने त्रिचीभर फिरवलेली. "मी घरी येते, तोवर गाडीला हात लावू नका," असं तिने बजावलं होतं. मी कसली ऐकते! सकाळी गल्ली रिकामी होती. गाडी सुरू केली, पाय वर घेतले, गोगलगायीच्या चालीने चार घरं गेले. पुढे गल्ली संपते तिथे वळले, परत आले. जमलं की! आणि आमच्या दारापाशी थांबायला ब्रेक दाबला तर समोर राजम मामींचं कोलम. केवढं ते! कमळं, मोर, मधोमध पिवळी फुलं. पहाटेपासून कमरेत वाकून काढलेलं. आता मला सांगा, मार्गळीतलं कोलम कोणी चाकाने तुडवतं का? हातांनी आपोआप हँडल वळवलं. ब्रेक दाबलेला, हँडल वळलेलं, आणि पाय अधांतरी. गाडी डावीकडे गेली ती गेलीच. मी आणि ती, दोघी त्या मोरावर आडव्या.

राजम मामी धावत आल्या. "अय्यो, कोलम जाऊ दे गं, पाय दाखव आधी!"

पाय बरा होता. नडगी सोलली होती. मी मान वर केली तर हे दारात उभे. चौकटीला हात. गाडी आडवी पडलेली, पेट्रोलचा वास, तांदळाच्या पिठात उमटलेली चाकाची रेघ. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एक पाऊल पुढे टाकलं, थांबले, आणि आत गेले. नडगीपेक्षा ते जास्त लागलं मला. मी तिथेच बसून रडले, आणि राजम मामींना वाटलं हाड मोडलं.

मग कस्तुरी आली. आधी माझ्यावर शिट्टी फुंकली, शपथेवर सांगते, खरंच फुंकली. मग म्हणाली, "हातांनी ओढू नका. पाठ लावा सीटला, गुडघ्यात वाका, आणि मागे मागे चालत उभ्या राहा." पाठीने ढकलत ती गाडी मी उभी केली. एवढं धूड माझ्या पाठीने उठलं, त्याचा मला त्या रडण्यातही जरा अभिमान वाटला.

दुपारी माझ्या उशाशी गरम पाण्याची पिशवी आणि मलमाची ट्यूब होती. "ओरडा ना मला," मी म्हटलं. "गाडी पाडली मी तुमची."

"फार लागलं का?" हे म्हणाले.

शाळेचं मैदान आठवलं की आधी वास येतो, दवात भिजलेल्या मातीचा आणि कडेच्या कडुनिंबाखाली पडलेल्या पानांचा. सकाळचा वर्ग भरायच्या आधी कस्तुरी माझ्याकडून थांबण्याचा सराव करून घ्यायची. चालवण्याचा नाही, थांबण्याचा! "चालवायला गाडीला कळतं, टीचर. थांबायला तुम्हाला कळायला हवं." आधी चढायला शिकवलं. स्टँड लावलेलाच ठेवायचा, डावा पाय फूटरेस्टवर, उभं राहायचं, आणि मग टांग टाकायची. मला हसू आलं. आमचे पूर्वज घोड्यांवरून या मुलखात आले असं घरात छाती फुगवून सांगतात, आणि आमच्या घराण्याची उंची बघता ते सगळे रिकिबीत पाय अडकवून असेच लटकत वर चढले असणार. हे कोणी सांगत नाही.

मग बसणं. मधोमध बसून दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडायचा. थांबायच्या आधी ढुंगण सीटवरून डावीकडे सरकवायचं, अर्धं आत अर्धं बाहेर, की डाव्या पायाचा चवडा जमिनीला लागतो. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, तो तिथून हलवायचा नाही. आणि हँडल सरळ. "समोर देव आला तरी हँडल सरळ," कस्तुरी म्हणायची, "कोलमचं नंतर बघू." डोळे खाली नाही, पुढे. खाली बघितलं की माणूस खालीच जातो. शिट्टी वाजली की थांब, वाजली की निघ. डावा चवडा, क्लच, डावा चवडा, क्लच. शाळेत वर्गावर उभी असले तरी माझी बोटं चपलेत आवळायची.

हळूहळू मला रस्ते वेगळे दिसायला लागले. आपल्याकडे गाडी डावीकडून जाते आणि रस्त्याची कड डावीकडे उतरती असते. म्हणजे माझा पाय जिथे टेकायचा तिथली जमीनच आणखी खाली! ही गोष्ट मला जन्मात कोणी सांगितली नव्हती. सिग्नलला थांबताना मी आधीच जागा हेरायला लागले. जरा उंचवटा, खड्डा नको, वाळू नको, तेल नको. आजही मी स्कूटरवर असले किंवा पायी, माझी नजर रस्त्यावर अशी जागा शोधत असते जिथे एका पायाची बोटं टेकतील. सगळी जमीन कशाला हवी माणसाला? पण तेवढी लागतेच.

मेकॅनिक म्हणाला, सीटचा फोम कापून देतो, मागच्या सस्पेन्शनची पट्टी बदलून गाडी खाली घेतो, तुम्ही आरामात बसाल. कस्तुरीने लगेच शंका काढली की गाडी खाली आली की स्टँड लांब पडतो, मग ती सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेसुद्धा पलीकडे कलंडते, स्टँडही कापावा लागतो. पण मी नको म्हटलं ते वेगळ्याच कारणाने. गाडी माझ्या मापाची केली असती तर ती ह्यांची राहिली नसती. ह्यांना तिच्यावर गुडघे दुमडून बसावं लागलं असतं, आणि गुडघ्याचंच तर रडगाणं होतं. मागचं सस्पेन्शन तेवढं सैल करून घेतलं, ते पुन्हा आवळता येतं. आणि जाड तळव्याचे बूट घेतले. बूट घालून दारात आले तर ह्यांनी पेपरच्या वरून पाहिलं. त्या दिवसांत मी एवढ्यावर जगत होते.

मी रोज गाडी बाहेर काढायची आणि हे रोज आतून ऐकायचे, हे मला ठाऊक होतं. गाडी ढकलताना मी तिच्यावर बसून पायांनी रेटत नसे, पोचतच नाहीत तर रेटणार कशी? उतरून तिला कमरेला टेकवून चालवत न्यायची. दगड लागून एकदा ती पलीकडे झुकली आणि मी "आई गं" म्हणून ओरडले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गाडी सावरली. मग बराच वेळ खुर्चीचा आवाज आला नाही, म्हणजे हे आत तसेच उभे होते. बोलवावं असं फार वाटलं मला. पण बोलावून आले असते तर ते मदतीला आले असते, गाडीपाशी नाही. मी गाडी घेऊन मैदानावर गेले.

मार्गळी संपली. भोगीला जुनं जाळलं, पोंगलला दूध उतू गेलं, मग गुरांच्या शिंगांना रंग लागले. गृहस्थांचा फोन आला होता. पोंगलचे दिवस झाले की दुसऱ्या सकाळी येतो म्हणाले.

शेवटचा दिवस काणुम पोंगलचा. त्या दिवशी थोरामोठ्यांच्या घरी जाऊन पाया पडायची रीत. ह्यांच्या त्या पाटवाल्या आत्या ओरत्तनाडूच्या अलीकडे एका खेड्यात राहतात. पुरणपोळ्यांचा डबा घेऊन हे बसथांब्यावर गेले आणि थोड्या वेळाने तसेच परत आले. सणाची गर्दी, बसच्या दारात माणसं लोंबकळत होती. मी गाडी बाहेर काढून, तोंड रस्त्याकडे करून ठेवली होती.

"बसा मागे," मी म्हटलं.

"मी? मागे?"

आमच्या गल्लीत कुठला नवरा बायकोच्या मागे मोटरसायकलवर बसलाय? समोर राजम मामी झाडू हातात धरून थबकल्या होत्या. ह्यांनी मामींकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. मग डबा पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली आणि हेल्मेट मागितलं.

मी आधी चढले, स्टँड तसाच ठेवला. हे डाव्या पायावर उभे राहिले आणि उजवी टांग, तो गुडघा, मागच्या उंच सीटवरून पलीकडे न्यायची होती. मला मागे बघता येत नव्हतं. गाडी हलली, थांबली, पुन्हा हलली. माझ्या खांद्यावर बोटं रुतली. शेवटी गाडी धपकन खाली बसली आणि मागून कोरड्या आवाजात आलं, "हं."

कालव्याच्या कडेकडेने आम्ही निघालो. दोन्हीकडे कापलेली शेतं, मधेच उभं पीक, नारळ, पाण्यावर बगळे. सुंदर होतं सगळं, पण मी काही बघत नव्हते. मागे दुप्पट वजन, गाडीची तऱ्हाच वेगळी. ह्यांचा श्वास हेल्मेटमधूनही ऐकू येत होता. एका गावापुढे रस्त्यावर पिवळा पट्टा दिसला. भात. ह्यांची बोटं माझ्या खांद्यात इतकी रुतली की दुखायला लागलं. हे पडले ती जागा हीच होती. मी वेग कमी केला. एक म्हातारी पाय ओढत ओढत भातातून चालत होती, दाणे वरखाली करत. आणि समोरून भात कापायचं ते अवाढव्य यंत्र आलं, उरलेला सगळा रस्ता अडवून.

थांबायलाच हवं होतं. हँडल सरळ, मागचा ब्रेक, ढुंगण डावीकडे, चवडा खाली. सगळं बरोबर केलं, सगळं! आणि बुटाखाली दाणे फिरले. पाय निसटून बाहेर गेला. गाडी झुकायला लागली, सावकाश, जशा त्या सावकाश पडतात, आणि माझ्या अंगात तिला धरायला काही उरलं नाही. मनात एकच आलं, ह्यांचा गुडघा.

गाडी पडली नाही. अर्ध्या वाटेत थांबली, थरथरली, आणि उभी झाली. मी खाली पाहिलं. माझ्या दोन्ही बाजूंना ह्यांचे दोन्ही बूट, दाण्यांत घट्ट रोवलेले.

यंत्र घरघरत जवळून गेलं. त्याची धूळ अंगावर आली. म्हातारी ओरडत होती, "भातात काय उभे राहता रे, डोळे नाहीत?" आम्ही हललो नाही.

"गुडघा?" मी विचारलं.

"आहे," हे म्हणाले.

मग म्हणाले, "उतर. पुढे मी बसतो."

या एका वाक्यासाठी मी महिनाभर पडले, धडपडले, नडगी सोलून घेतली. आणि ते कानांवर आलं तेव्हा माझे हात हँडल सोडेनात. मला उतरायचं नव्हतं! खरं सांगते, त्या क्षणी गाडी मला माझी वाटत होती. "येताना बसा," मी म्हटलं आणि क्लच सोडला. ह्यांचे पाय अजून खालीच होते.

"अगं ए भवाने!" असा आवाज आला मागून की कालव्यावरचे बगळे उडाले. "सांगून तरी सोडायचं! पाय तोडतेस का माझे? अक्कल आहे का काही?" आत्यांचं घर येईपर्यंत हे ओरडत होते. माझे डोळे भरून आले होते आणि हेल्मेटची काच वर करायला हात मोकळा नव्हता, तशीच चालवली.

आत्यांकडून निघताना मी बाजूला उभी राहून किल्ली पुढे केली. ह्यांनी ती घेतली. बोटांत फिरवली, गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. आणि माझ्या हातात परत ठेवली. "तूच घे," पुन्हा त्याच मऊ आवाजात. काय झालं कोणास ठाऊक. भातात हे 'उतर' म्हणाले तेव्हाच उतरायला हवं होतं, असं घर येईपर्यंत मला टोचत राहिलं. घरी आल्यावर मी किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन केस पुसत होते, तर बाहेरून हाक आली. कुंभकोणमचे गृहस्थ. नवा शर्ट, कपाळाला विभूती, हातात गाडीला घालायला झेंडूचा हार. हार कसला टवटवीत होता, पाणीसुद्धा निथळत होतं.

"सर आहेत का? गाडी दिसत नाही," ते म्हणाले.

मी दाराबाहेर डोकावले. रस्त्यावर पहाटेच्या सड्याचं पाणी सुकलेलं, आणि गाडी उभी असायची ती जागा रिकामी. आत वळून देवघराच्या फळीकडे पाहिलं. किल्लीही नव्हती. समोरून राजम मामींनी हातवारे करून सांगितलं, कधीच गेले, ऑफिसला, एकटेच, गाडीवरच.

गृहस्थ हार घेऊन पायरीवर उभे होते, आणि मला हसू आवरेना. "आत या ना," मी म्हटलं, "कॉफी तरी घ्या."